साक्षीचं रक्त, जावयाची रजा

६ जानेवारी, सोम.
सकाळची फेरी झाली. दादा, खोकला कसा? "आहे तिथंच आहे." म्हणजे बरा. वाढला असता तर दादा बोललाच नसता. सुनंदा, कंबर? "कंबरेला विचारा, मला सवड नाय." म्हणजे दुखतेय. दादाचा राजू, सुनंदाचा नवरा, त्याचा मुंबईहून फोन: पित्त, बाकी ठीक. व्यालेली गाय उठून उभी राहिली, पेंड खाल्ली. माझे गुडघे कुरकुरतात पण चालतात. आणि त्यांची लेक साक्षी, बापाची आत्या ती हिचीही आत्याच. तू कशी गो बाय? "मस्त, आत्या!"

मस्त म्हणणारी ही पोर संध्याकाळी काजूच्या फॅक्टरीतून आली आणि पाखाडी चढताना मध्येच मटकन बसली. जांभ्याच्या याच पायऱ्यांवरून शेरडासारखी पळायची ही. ओठ बघितले, कागद बरा. "जरा धाप लागली." एकविसाव्या वर्षी? ती धाप माझ्या वयाची आहे, हिने कुठून आणली?

११ जानेवारी, शनि.
तांदूळ निवडायला बसलो. मी, सुनंदा, साक्षी. साक्षीची चिमूट सुपात कमी नि तोंडात जास्त. कच्चे तांदूळ, कुडुम कुडुम. सुनंदा म्हणाली, "खा, खा. लग्नात पाऊस पडला की वऱ्हाडाला छत्र्या तुझा बाप वाटेल." हसलो सगळ्या.
पण हे आजचं नाही. मागच्या महिन्यापासून पाहतेय. डब्यात हात घालून उभ्याउभ्या खाते. पुडीच्या कागदावर कधीतरी वाचलेलं: रक्त कमी असलं की माणूस माती, खडू, कच्चं धान्य असलं काहीबाही खातं. चौथीनंतर माझी शाळा म्हणजे वाण्याच्या पुड्या. त्यातलं सगळंच खरं नसतं. हे खरं असलं तर…

१५ जानेवारी, बुध.
माझे डोळे दाखवायचे म्हणून साक्षीला सोबत नेलं संगमेश्वरला. डोळे बाजूला राहिले. डॉक्टरबाईंना म्हटलं, हिचं रक्त बघा.
हिमोग्लोबिन आठ. बारा हवं.
बाईंनी सरळ विचारलं. पाळीला किती जातं? जास्त जातं. सकाळी काय खातेस? चहा-खारी. तांदूळ खातेस का कच्चे? पोरीने मान खाली घातली. मासे, मटण? "सोडलं." कधी? "साखरपुड्यापासून."
ते खरंच. पाहुणे आंजर्ल्याकडचे, माळकरी. दारात समुद्र आणि ताटात वरण. सुनंदा म्हणाली, तिकडे जाऊन जड जायला नको, आतापासून सवय लाव. बांगड्याच्या आमटीचं भांडं पानांशी आलं की ही उठून पडवीत जाते. तीन महिने. आणि बांगड्याच्या जागी काय आलं ताटात? काही नाही. भात तेवढाच, आमटी पातळ.
बाईंनी जंताची गोळी दिली, रक्ताच्या गोळ्या दिल्या. लग्न एप्रिलअखेर म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "लग्न करा. मूल आत्ता नको. रक्त आधी भरू दे. मूल पोटात आलं की आहे त्यातलंच वाटून घेतं. बाळंतपणात थोडं जास्त गेलं तर हिच्याकडे शिल्लक काय?"
बाहेर आल्यावर साक्षीने माझा हात घट्ट धरला. "आत्या, घरी नको सांगू. पाहुण्यांना कळलं तर मोडेल. तुला माझ्या गळ्याची शपथ."
"मोडलं तर मोडलं," म्हणाले मी.
"मला तो आवडतो गो."
झालं. घातली शपथ गळ्यात.

१९ जानेवारी, रवि.
प्रथमेश, साक्षीचा होणारा नवरा, जहाजावर आहे. बंदराला लागलं की फोन करतो. मग साक्षी गोठ्यामागच्या दगडावर जाते, तिथं रेंज येते. हसण्याचा आवाज घरापर्यंत. त्याची रजा एप्रिलपासून. अक्षयतृतीयेला लग्न. जूनमध्ये परत जहाज, मग आठ-नऊ महिने दर्शन नाही. साखरपुड्यालाच त्याची आई म्हणालेली, "ह्याच रजेत गोड बातमी झाली की मी सुटले. पुढच्या रजेला हा येईल तो बाळाचं तोंड बघायला." सगळे हसले होते. मीसुद्धा.

३ फेब्रु., सोम.
गोळी चालू आहे. लोखंडासारखा वास येतो म्हणते, मळमळतं. नेमाने घेते मात्र. आमच्या घरात औषध चहाबरोबर. दादाची रक्तदाबाची गोळी चहाबरोबर, सुनंदाची कंबरेची चहाबरोबर, माझी थायरॉइडची तीही. चुलीशेजारच्या फळीवर सगळी पाकिटं किटलीला टेकून. साक्षीची तेवढी माझ्या ट्रंकेत. सकाळी मी मुठीत आणून देते, ती चहाच्या घोटाबरोबर गट्ट. कोणाला पत्ता नाही. मला चोरी जमायला लागली या वयात.

१७ फेब्रु., सोम.
पुन्हा रक्त तपासलं. आठ होतं, आता आठ पॉइंट दोन. महिन्याभराचा खटाटोप तो एवढा.
"गोळ्या घेतेस ना?"
"रोज."
"कशाबरोबर?"
"चहाबरोबर," आम्ही दोघी एका सुरात. अभिमानाने!
बाईंनी कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागूच देत नाही म्हणे. आधी तासभर नको, नंतर तासभर नको. लिंबाचं पाणी घ्या, आवळा खा. म्हणजे महिनाभर मी गोळी मुठीतून आणत होते आणि चहा तिला परत दारातून घालवत होता. वर माझ्या थायरॉइडच्या गोळीलाही चहा नको म्हणाल्या. घरी येऊन सगळी पाकिटं किटलीपासून लांब सरकवली. दादा म्हणाला, "इंदू, फळीवर काय भूकंप झाला?"

२३ फेब्रु., रवि.
आता चहा मागून. पहाटे पाण्यात लिंबू पिळते, साक्षी डोळे मिटून गोळी घेते. परसाकडे काळी झाली म्हणून घाबरली होती, दोन दिवस गोळी तोंडात धरून थुंकली. नंतर सांगितलंन. बाईंनी सांगितलं होतं काळी होईल म्हणून, माझ्या ध्यानात होतं, तिच्या नाही.
कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, ओंजळभर भाजके शेंगदाणे नि गूळ. मासे नाहीत तर नाहीत, हे तरी. माळेला यातलं काही चालत नाही असं नाही ना!
सुनंदा: "आत्या, एवढा कसला कौतुकाचा खुराक?"
"नवरी आहे. अंगावर तेज नको?"
"तेज फेशियलने येतं हल्ली." पण स्वतःच आणखी एक भाकरी वाढलीन. आई ती आईच.

१४ मार्च, शुक्र.
शिमगा. राजू मुंबईहून आला. पालखी दारात आली, ओटी भरली, पोरांनी नाचवली. साक्षीने गाऱ्हाणं घालताना काय मागितलं कोण जाणे, डोळे पुसत होती.
दुपारी सगळं फुटलं. सुनंदाला माझ्या ट्रंकेतली जुनी पैठणी हवी होती, संध्याकाळी देवळात पालखीपुढे नेसायला. वरच गोळ्यांची पाकिटं. मला वाटलं, माझ्या आहेत म्हणावं. पण साक्षीचा चेहरा बघून तिला कळलंच.
पडवीत बसवलंनी आम्हा दोघींना, गुन्हेगारासारखं.
राजू: "आत्या, एवढं होतं तर मला फोन करायचा."
मी: "शपथ होती."
सुनंदा रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला पण कमीच होतं रक्त. सगळ्या बायकांना असतं. झाली ना साक्षी?"
"झाली. आणि चार महिने तू भिंत धरून चालत होतीस. न्हाणीत पडलीस. विसरलीस?"
सुनंदा हळूच, "पण कळलं त्यांना तर? म्हणतील, आजारी पोर गळ्यात मारली. परत कोण विचारील हिला?"
दादा इतका वेळ पान चघळत होता. म्हणाला, "शब्द दिलाय मी. लग्न होणार." एवढंच. गोळ्यांवर एक अक्षर नाही.
राजूने शेवट केला. गोळ्या घे, गुपचूप घे, पाहुण्यांत ब्र नाही. लग्न झालं की ती नि तिचं घर.
ती नि तिचं घर. म्हणजे तिथून पुढे कोणीच नाही.

१६ मार्च, रवि.
राजू गेला. विचार करतेय. घर दादाचं, पोर राजूची, लग्न सुनंदाच्या हातात. मी विधवा होऊन माहेरी आले ती इथंच राहिले. कोणी कधी टाकून बोललं नाही, देवाशपथ. पण अशा वेळी कळतं की मी या घरात बोलू शकते सगळं, ठरवू काहीच शकत नाही. गोठ्यातली गाय हंबरते ना, सगळे म्हणतात ऐकलं, ऐकलं. दावं तेवढंच.

५ एप्रिल, शनि.
प्रथमेश रजेवर आला. बस्त्यासाठी मायलेक आलेले. पोरगा चांगला आहे हो. उंच, उन्हाने रापलेला, पायाला हात लावायला वाकला तर डोकं दाराच्या चौकटीला आपटलं. साक्षी हसून आत पळाली.
साड्या पसरल्या होत्या, सगळ्या त्यात गुंतल्या. मी त्याला म्हटलं, चल, परसातला फणस दाखवते. फणस बघायला आलेला जावई फणसाकडे बघतच नव्हता, खिडकीकडे बघत होता.
शपथ साक्षीने घातलेली घरी न सांगण्याची, पाहुण्यांपर्यंत जायला नको म्हणून. हा पाहुणा कसा? हा नवरा. अशी स्वतःची समजूत काढली नि बोलले. सगळं. आठवरून सुरू.
कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "आत्याआजी, आम्हाला जहाजावर चढायच्या आधी सगळी तपासणी असते. रक्त, डोळे, छाती. काही कमी निघालं तर चढूच देत नाहीत. घरी पाठवतात, बरा हो नि ये."
"आणि तसं परत पाठवलेल्याला कोणी नावं ठेवतं?"
"छे. भर समुद्रात काही झालं तर डॉक्टर कुठला?"
"मग बाळंतपण म्हणजे काय रे बाबा, गणपतीपुळ्याची सहल?"
हसला. मग गंभीर झाला. "मला पटतंय. साक्षीला काही झालेलं मला… पण आईला कोण सांगणार? बाबा गेल्यापासून ती एकटी असते त्या घरात. तिला नातू पाहिजे म्हणजे घरात माणूस पाहिजे."
"तू सांग."
"बघतो."
इतक्यात आतून हाक. "प्रथमेश, शालू बघायला ये रे!" गेला.
बघतो. समुद्रात वादळ बघणारा माणूस, आईपुढे बघतो म्हणतो.

२१ एप्रिल, सोम.
साडेनऊ! डॉक्टरबाई स्वतः उठून साक्षीच्या पापण्या खाली ओढून बघायला आल्या. लाली आहे म्हणाल्या. पाखाडी आज न थांबता चढली, वर जाऊन मला हात दाखवलान. मी अजून खालीच होते.
पण अजून बरेच महिने गोळ्या. बारापर्यंत मूल नको, निदान अकराच्या वर तरी. पाळणा लांबवायचं साधन काय काय असतं ते बाईंनी साक्षीला सांगितलं, मला बाहेर बसवून. पिशवीत घालून दिलं काही. साक्षीने पदराखाली लपवलं तेव्हा तिचे कान प्रथमेशसारखेच लाल.

२८ एप्रिल, सोम.
साक्षीची बॅग भरणं चालू. हळदीची पाहुणी मंडळी यायला लागली. सुनंदाने बॅग तळापासून तपासली. गोळ्या काढल्या. ती दुसरी पिशवीही काढली.
म्हटलं, "सुनंदा, काय करतेस?"
"पहिल्याच दिवशी नणंदा-जावा बॅग उघडतात, आत्या. माहीत नाय तुम्हाला? साड्या बघायला म्हणून. हे सापडलं तर काय सांगेल ती?"
"औषध आहे सांगेल."
"आणि हे दुसरं?" माझ्या तोंडासमोर धरलंन. "हे पण औषध?"
"होय. हे पण औषध."
तिचा हात बॅगेकडे वळला. वाटलं, ठेवते परत. मग बाहेरून कोणी हाक मारली, तिने दोन्ही आपल्या ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. जाताना म्हणाली, "मांडवपरतणीला माहेरी येईल तेव्हा देऊ गोळ्या. चार दिवसांनी काय होतंय?"
साक्षी दारात उभी राहून सगळं बघत होती, मेंदीचे हात वर धरून. त्या हातांनी तिला काही उचलता येत नव्हतं.

३० एप्रिल, बुध.
लग्न झालं. पाऊस पडला नाही. नवरी छान दिसत होती. जेवणं वेळेत. दादा रडला, मी नाही. निघताना माझ्या कानात म्हणाली, "आत्या, मी त्याच्याशी बोलले." पुढे गाडीचा हॉर्न.

६ मे, मंगळ.
मांडवपरतणी. आली, राहिली एक दिवस. सुनंदाने न सांगता गोळ्या काढून दिल्या हो, ती दुसरी पिशवी नाही. मी मागितली. म्हणाली, "तिचा नवरा बघून घेईल."
स्वयंपाकघरात साक्षी नि मी. वाटणाचा आवाज चालू ठेवलेला, म्हणजे कोणी ऐकू नये.
"तो काय म्हणतो?"
"म्हणतो पुढच्या रजेला. त्याने आईला सांगितलं पण."
"काय सांगितलंन?"
"म्हणाला, आपल्याला अजून नको. माझं नाव नाही घेतलं, स्वतःवर घेतलं." हे सांगताना चेहरा उजळला पोरीचा.
"मग?"
"मग त्या जेवल्याच नाहीत रात्री. सकाळी त्यानेच त्यांना भरवलं."
वाटण संपलं, तरी वरवंटा फिरवत राहिले मी.
"आता काय ठरलं?"
"काहीच ठरलं नाही. त्या रोज गणपतीला जातात, मला घेऊन. कड्यावर. चढताना धाप कमी लागते आता." आणि हसली.

१६ मे, शुक्र.
विहीणबाईंचा फोन सुनंदाला, स्पीकरवर. कंपनीने प्रथमेशला लवकर बोलावलंय, येत्या आठवड्यातच जायचं. बाईंचा आवाज भरून आलेला. "एवढीशी रजा ती, तीही कापली मेल्यांनी. मी तर पाळणा माळ्यावरून उतरवून धुऊन ठेवलाय." मग म्हणाल्या, "सूनबाई कसल्याशा गोळ्या खाते रोज. मी म्हटलं, कशाला बाहेरचं? उष्ण असतं ते. माझा काढा देते, दिवस राहायला चांगला."
सुनंदाने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत भीती होती, माझ्यासारखीच. फोनमध्ये म्हणाली, "घेऊ दे हो तिला. डॉक्टरांच्या आहेत."
"कशाच्या?"
मी हाताने खुणावलं, सांग. सांग गो!
"…ताकदीच्या," म्हणाली सुनंदा.
फोन ठेवल्यावर कंबर धरून बसली. मी पाणी दिलं. रागावले नाही. एवढं तरी तोंडातून आलं. पण ताकद नि रक्त यांत अंतर आहे, आणि तेवढ्या अंतरात माझी पोर उभी आहे.

२४ मे, शनि.
प्रथमेश गेला. साक्षीने स्टेटसला फोटो ठेवलाय, दोघांचा, किनाऱ्यावर. हिरवी साडी. मोठं करून बघितलं, ओठांचा रंग कळला नाही, लिपस्टिक होती.
फोन केला. सासू शेजारी असावी. "हो आत्या. नाही आत्या. बरी आहे. ठेवते, देवळात निघालोय."
गोळ्या घेतेस का विचारलं. "हो" म्हणाली की "हं", ते नीट ऐकू आलं नाही.

२९ मे, गुरु.
आंजर्ल्याला जाऊन यायचं म्हटलं. दादा म्हणाला, "लग्न होऊन महिना नाही, माहेरची माणसं दारात उभी राहिली तर काय वाटेल? पावसाळ्याआधी रीतीने जाऊ." सुनंदाने माझी चप्पल पुसून दाराशी ठेवली. आज गेले नाही. कोणाच्या दारात जायचं, काय म्हणून जायचं? मला तिथं नातंच सांगता येत नाही नीट. नवरीच्या बापाची आत्या.

२ जून, सोम.
साक्षीला तीन निरोप पाठवले. बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. फोन वाजतो, कोणी घेत नाही. विहीणबाईंनी सुनंदाला सांगितलं, "झोपलेली असते दुपारची. गळल्यासारखं होतंय तिला. आम्हाला वाटतंच आहे काहीतरी." आणि हसल्या म्हणे.
गळल्यासारखं. कशाने? काढा घेऊन गोळ्या सुटल्या म्हणून, की दुसऱ्या कारणाने? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सुनंदा माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही लिहा, आत्या. मला लिहिता येत नाही असलं. तुमचं ऐकते ती."
मोबाइलवर माझी बोटं चुकतात, म्हणून आधी इथं लिहिते, मग बघून बघून टाइप करते:

साक्षी बाय, आत्या लिहितेय, तुझी आई शेजारी आहे. आम्ही कोणी रागावलेलो नाही. सासूबाईंना दोष देऊ नकोस, त्यांनाही भीती एकटेपणाची. मला फक्त एक सांग. पाळी आली का? आली असेल तर नुसतं "आली" लिही, बाकी काही नको. गोळ्या नसतील तर मी घेऊन येते. आणि आली नसेल तर तेही लिही, लपवू नको. त्याच दिवशी निघते मी, दादा काही म्हणो, आणि तुझ्या सासूबाईंना समोर बसवून मीच सांगते. मग आपण तिघी मिळून दवाखान्यात जाऊ. एक शब्द लिही गो. लवकर लिही.